दोर मागणारा खुंटा

मी बंदराचा खुंटा बोलतोय. हसू नका, कमरेवर दोराचे वळ पडलेला हा काळा दगड एके काळी भली थोरली गलबतं धरून ठेवायचा. समुद्र इथून कोसांवर, तरी भरतीबरोबर गलबतं खाडीतून थेट माझ्यापर्यंत येत. खजूर उतरे, घाटावरचा गूळ चढे. दोर माझ्या कमरेला पडल्याशिवाय गलबताच्या तांडेलाला, म्हणजे नाखव्याला, कुणी पाणीही विचारत नसे, अशी इथली रीत.

पुढे रस्ता झाला, खाडीत गाळ साचला आणि गाव मला विसरलं. उरला एकटा हाफिज आणि त्याची मासेमारीची होडी. दोर टाकताना रोज म्हणायचा, "धर रे बाबा." मी धरायचो.

यंदा गावाला एकदम माझा पुळका आला. वारसा म्हणे! बैल गेला नि झोपा केला. मला तेलरंग फासला, भोवती लोखंडी कठडा ठोकला, वर पाटी: 'ऐतिहासिक खुंटा. येथे होड्या बांधू नयेत.' खुंट्याने दुसरं करायचं तरी काय, ते पाटीवर नव्हतं.

हाफिजची बायको रुकय्या कळवळली. "होडी खंय बांधूची? व्हावान गेली तर आमी खावचा काय?"

गावच्या वारसा समितीचे दत्तप्रसाद गोड हसले. "चाची, खुंटो आता तुमचो नाय, इतिहासाचो."

उद्घाटनाचे पाहुणे फोटोसाठी होडीतून आले. होडी हाफिजचीच, गावात दुसरी होती कुठे? "कठड्याक बांध," दत्तप्रसादांनी फर्मावलं. हाफिजने बांधली.

दर्यावर्दी परंपरेवर भाषणं रंगली. तोवर ओहोटी लागली. होडीने ओढ घेतली आणि कठडा पाटीसकट उपटून पाण्यात गेला. रुकय्या किंचाळली. हाफिजने उडी मारून दोर पकडला, कसाबसा धक्क्यावर चढला आणि माझ्या कमरेला वेढा घातला. "धर रे बाबा!"

मी धरलं. इतक्या वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मंडपात टाळ्या पडल्या. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

काल ठेकेदार नव्या कठड्याचं माप घेऊन गेला. या वेळी काँक्रीटमध्ये पक्का बसवणार आहेत. दोर अजून माझ्या कमरेला आहे, तेलरंग खरवडून निघतोय. होडीत रुकय्या जाळं शिवत बसलीय. ती म्हणते, "येवंदेत कोण येता तो."

बाबांनो, रंग नको, हारही नको. कठडा बसवायचा तर आधी तिची होडी सोडावी लागेल, आणि धरलेली होडी सोडायला मला कुणी शिकवलेलं नाही.