प्रेमलाचे बाळ आणि मी गव्हाण

मित्रांनो, बैलांच्या जिभांनी चाटून चाटून गुळगुळीत झालेली मी एक जुनी बाभळीची गव्हाण आहे. निजामाच्या राज्यात, अंबडजवळच्या एका खेड्यात कचरू सुताराने मला घडवले. चौदा वर्षे मी रखमाजी पाटलाच्या गोठ्यात राबले. बैलजोडी थकून गेली, तेव्हा पाटलाने मला गावातल्या छोट्या चर्चला देऊन टाकले; प्रभू येशू जन्मला तेव्हा त्याला गव्हाणीतच निजवले होते ना! वाटले, आता निवांत बसावे. कसला निवांतपणा!

तिथे एक रीत होती. नाताळच्या उपासनेनंतर त्या वर्षी जन्मलेली बाळे आया माझ्यातल्या कडब्यावर क्षणभर निजवत आणि चर्चच्या मंडळीचे पंच काकासाहेब एकेकाचे नाव मोठ्याने घेऊन प्रार्थना करत. नाव घेतले, की ते मंडळीचे लेकरू. ज्याचे राहिले, त्याला पुढे कोण जवळ करणार?

त्या वर्षी प्रेमलाचे बाळ तीन आठवड्यांचे होते. तिचे लग्न झालेले नव्हते, आणि बाळाचा बाप हैदराबादेला गेला तो गेलाच. तिची आई नंदाबाई मला पुसायला येई. पुसता पुसता तिचे हात थांबत. "पोरीनं नाताळाला येऊ नये, देवा. काकासाहेब समद्यांसमोर हाकलून देतील," असे ती पुटपुटे. माझाही जीव टांगणीला लागला. लाकडाला कसला जीव, असे म्हणू नका.

नाताळ उजाडला. काकासाहेबांनी मरियेची गोष्ट सांगितली. ती कुमारी असतानाच पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने प्रभू तिच्या पोटी आला, कारण तिच्यावर देवाची कृपा झाली. सांगताना 'कृपा' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. माणूस वाईट नव्हता, फक्त लोक काय म्हणतील याला फार भ्यायचा. मग चार बाळे माझ्यात निजली, उठली. पाचवे घेऊन प्रेमला पुढे आली.

"थांब पोरी," काकासाहेब म्हणाले. "तू काय सोताला मरिया समजून राह्यली का?"

प्रेमलाने बाळाला छातीशी धरले. "न्हाई, काका. ती कुमारी होती. मी चुकले, बिलकुल चुकले. मंग कृपा मलाच लागंल ना? आन् ह्या लेकरानं तर काहीच केलं न्हाई."

काकासाहेब माझ्याजवळ आले. आता हे मला उचलून बाजूला ठेवतात की काय, या भीतीने मी गारठले. ते वाकले. त्यांनी कडबा सारखा केला, एक टोचरे धाट काढून फेकले.

"निजव," ते म्हणाले. "नाव काय ठेवलंस?"

"न्हाई ठेवलं, काका. घेणारं कोन होतं?"

त्यांनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला आणि नाव नव्हते म्हणून "प्रेमलाचं लेकरू" असे मोठ्याने म्हणून प्रार्थना केली.

मित्रांनो, आता मला वाळवी लागली आहे. जमले तर मला जपा, तेल पाजा. तेही नाही जमले, तर एवढे करा, दारात अडखळलेल्या आईला आत बोलवा. मी आजवर एकही लेकरू नाकारलेले नाही.