दोन मात्रांची जागा

“कान आहे तो, व्हर्लीन. तळायची भेंडी नव्हे,” बर्डी क्रेनशॉ पुटपुटली. तिचं डोकं माझ्या पोटाशी टेकलेलं होतं, त्यामुळे ते फक्त मला आणि माझ्या एप्रनला ऐकू आलं.

मी कंगवा परत गॅसवर ठेवला. केस सरळ करायचा लोखंडी कंगवा आधी कागदावर टेकवून बघायचा असतो. कागद पिवळा पडला तर ठीक, काळा पडला तर थांबायचं. बावीस वर्षं मी हे करते आहे, आणि बावीस वर्षं बर्डी कान भाजल्याची तक्रार करते आहे. दोन्ही कान अजून जागेवर आहेत. रविवारी चर्चमध्ये तिला पहिल्या रांगेत बसायचं असतं, म्हणून शनिवारी दुपारी ती माझ्याकडे जीव मुठीत धरून येते.

माझ्या दुकानात दोन नियम. खुर्चीत जी बसेल ती ग्रामोफोनची तबकडी निवडणार. आणि सुई तबकडीवर आहे तोवर कुणी बोलणार नाही. सुई उचलली की मग काय ती भांडणं. खिडकीत दिवा ठेवून बसलेल्या बाईचं एक गाणं आहे. कुठल्याशा गोऱ्या माणसानं नाटकासाठी लिहिलं होतं. नाटक तीन आठवड्यांत मेलं, गाणं आमच्या काळ्या बायकांनी जगवलं. पाच जणींनी गायलेल्या त्याच्या पाच तबकड्या माझ्याकडे आहेत. डेट्रॉइटवाली ते लोणी लावून गाते. न्यूयॉर्कवालीचं ऐकून वाटतं, हिला तो माणूस परत नकोच आहे. बर्डी आणि मी या दोघींवरून तीनदा बोलणं टाकलं आहे.

पाचवीबद्दल मात्र कधी वाद झाला नाही. पाचवी माझी धाकटी बहीण, ओझेला. ती खिडकीपाशी छोट्या टेबलावर बायकांची नखं रंगवते, आणि स्वतःची तबकडी लागली की रंगांच्या बाटल्या मोजायला घेते.

गाण्याच्या मधल्या भागाला वादक पूल म्हणतात. पूल ओलांडला की गाणारी घरी परत येते, अगदी समेवर. ओझेला येत नाही. पियानो येऊन थांबतो, दोन मात्रा रिकाम्या जातात. मग ती येते, तीही दात जेमतेम उघडून, शब्द ओठांच्या आतच ठेवल्यासारखी. अंगावर काटा येतो. सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर माइकपुढे उभी राहणारी प्रत्येक पोरगी आज तश्शीच दोन मात्रा थांबते आणि तोंड मिटून गाते. गाणं शिकवणारी एक बाई तर शिष्यांना दातांत पेन्सिल धरून सराव करायला लावायची.

ती तबकडी सेहेचाळीस सालची. ती भरली त्या सकाळी मी ओझेलाबरोबर होते. बर्डीनं आम्हांला जिन्यात पाहिलं होतं. बर्डीनं आणि मी त्यावर पुढे पंधरा वर्षं एक अक्षर काढलं नाही, आणि ओझेला त्यानंतर कुठे गायली नाही.

ओझेलाचा नवरा लुशियस टिब्स. ट्रंपेट वाजवायचा, बँड त्याचाच. तबकडीनंतर वर्षभरानं ओझेलानं त्याला जिन्यावरून खाली ढकललं, आणि दोन दात पडल्यावर तो उठू बघत होता तेव्हा त्याची इस्त्रीसुद्धा मागोमाग फेकली. ट्रंपेट फेकली नाही. वाद्यावर तिचा राग नव्हता. त्यांची पोरगी कॉर्डी तेव्हा पाच वर्षांची. तिला आम्ही सांगितलं की वाजवणाऱ्यांचं घरात पटत नाही. मुलांना सांगायला असलं काहीतरी बरं पडतं.

यंदा वसंतात लुशियस परत आला. नवे दात, राखाडी टोपी, बोटात मोठी अंगठी. कॉर्डी एकोणीस वर्षांची, गळा आईचा. सोमवारी सकाळी दहाला ती त्याच्या बँडबरोबर तेच गाणं ध्वनिमुद्रित करणार होती, आणि मंगळवारी त्याच्या बसमधून सहा महिने दक्षिणेत दौऱ्यावर. ओझेलाला एवढंच हवं होतं की पोरीनं त्या बसची पायरी चढू नये. ती नको म्हणाली. कॉर्डीनं का म्हणून विचारलं. ओझेलानं तिची नखं घासायला घेतली. महिनाभर हेच चाललं होतं.

त्या शनिवारी बर्डीचं अर्धं डोकं झालं होतं, अर्धं भांगेच्या पलीकडे झुडपासारखं उभं होतं, तेव्हा कॉर्डी आत आली आणि मागोमाग लुशियस. टोपी न काढता तो माझ्या स्टुलावर बसला. म्हणाला, बायकांनो, सोमवारी जे जग ऐकणार ते तुम्ही आज फुकट ऐका. बर्डी म्हणाली की खुर्चीत मी आहे, तबकडी मी निवडणार. तो हसला आणि स्वतःच ओझेलाची तबकडी लावली. नियम म्हणून आम्ही गप्प झालो.

कॉर्डी तबकडीशेजारी उभी राहून आईच्या आवाजाबरोबर गायली. चांगली गायली. पूल आला, पोरगी तो चढली, आणि पलीकडे उतरताना विसरली. ती थांबली नाही. नेमकी समेवर आली, तोंड भरून, जणू दिवा ठेवणारी बाई खिडकी सोडून सरळ रस्त्यावर आली आहे. ते गाणं मी तसं कधी ऐकलं नव्हतं. बाटल्या मोजणारं ओझेलाचं बोट थांबलं.

लुशियसनं उलट्या हातानं कॉर्डीच्या तोंडात मारली.

अंगठीवाला हात. तिचं डोकं मागच्या फळीवर आपटलं, केसांच्या मलमाचे दोन डबे खाली आले. खालचा ओठ मधोमध फाटला आणि हनुवटीवरून रक्त पांढऱ्या कॉलरवर उतरलं. त्यानं सुई उचलून पुलावर परत ठेवली. अगदी हळू ठेवली, तबकडीला चरा पडू नये म्हणून.

“पुन्हा.”

ती पुन्हा गायली. पियानो येऊन थांबला. तिनं रक्त गिळलं, त्यात दोन मात्रा गेल्या. मग सुजणाऱ्या ओठांतून आवाज आला, मिटलेला, शब्द आतच ठेवणारा. हुबेहूब. तबकडीतली कोण आणि उभी असलेली कोण, मला सांगता येईना.

आम्ही कुणी बोललो नाही. सुई तबकडीवर होती ना. माझाच नियम, आणि त्या क्षणी मला त्याची शिसारी आली.

“बघा,” लुशियस आम्हांला म्हणाला. “हिच्या आईलाही मीच शिकवलं होतं.”

ओझेला उठली. गॅसवर माझा कंगवा केव्हाचा पडून होता, दात लाल झाले होते. कागदाबिगदाची भानगड तिनं केली नाही. सरळ त्याच्या तोंडावर टेकवला. गालावर नव्हे, तोंडावर. ट्रंपेटवाल्याचा सगळा संसार त्या दोन ओठांत असतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं मान फिरवली म्हणून अर्धाच बसला. चर्र आवाज झाला. शनिवारी माझ्या दुकानात जळल्याचा वास असतोच, पण हा केसांचा नव्हता.

तो ओरडत तिच्यावर आला. गळा धरून त्यानं तिला टेबलावर उताणी पाडली, बाटल्या फुटल्या, लाल रंग तिच्या केसांत गेला. तो तिचं डोकं टेबलावर आपटत होता, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कॉर्डी मागून त्याचा कोट ओढत होती. मी त्याच्या मनगटाला चावले. माझे दात हाडापर्यंत गेले, सुटले नाहीत. त्यानं कोपरानं माझं नाक फोडलं. मग अर्ध्या डोक्याची बर्डी क्रेनशॉ, चर्चच्या पहिल्या रांगेतली, पायाखालचं लोखंडी स्टूल दोन्ही हातांनी उचलून आली आणि त्याच्या कानावर घातलं. तो गुडघ्यांवर बसला. तिनं आणखी एक घातलं, खांद्यावर. काहीतरी मोडलं. तिसऱ्या वेळी मीच तिचा हात धरला.

“कान होता तो,” ती धापा टाकत म्हणाली. आम्हांला दोघींना हसू आलं, आणि माझ्या नाकातून रक्ताचा फुगा फुटला.

लुशियस भिंत धरत बाहेर गेला. थोड्या वेळानं रस्त्यावरून त्याच्या गाडीचा भोंगा वाजला, लांब.

कॉर्डीनं ओठावर टॉवेल धरला होता. मला वाटलं आता झालं, आता कळलं पोरीला. पण ती आईवरच उलटली. तुला बघवत नाही, म्हणाली. तू गाणं सोडलंस आणि मी गाते, हे तुला बघवत नाही. त्याचा ओठ जाळलास, आता तो वाजवणार कशानं? चूक माझी होती, त्यानं सुधारली. रागीट आहे, पण शिकवतो. तिनं फळीवरची आपली टोपी काढली आणि आरशात बघून घातली. टोपीची टाचणीही नीट लावली.

“मा, तुलासुद्धा त्यानंच शिकवलं ना? ती जागा. सगळं गाव त्या जागेसाठी तुला ओळखतं.”

ओझेलाचा गळा निळा पडायला लागला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी फरशीवरच्या काचांकडे. भोंगा पुन्हा वाजला. कॉर्डीनं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

ओझेला फुटक्या बाटल्यांवरून चालत तबकडीपाशी गेली आणि सुई पुलावर ठेवली. सवयीनं आम्ही सगळ्या गप्प झालो. कॉर्डीसुद्धा. तीही याच दुकानात वाढलेली, हात मुठीवर तसाच ठेवून थांबली. बँड पूल ओलांडून आला. पियानो थांबला. रिकामी जागा आली, आणि ओझेला त्या जागेत बोलली. तिचाच पंधरा वर्षांपूर्वीचा आवाज मागून येऊन वाजत राहिला, तरी ती थांबली नाही.

“ही जागा मला कुणी शिकवली नाही, कॉर्डी. त्या सकाळी तुझ्या बापानं माझा जबडा मोडला होता. दोन मात्रा मला तोंड उघडायला लागल्या. तुझ्या मावशीनं तो रुमालानं बांधून मला स्टुडिओपर्यंत नेलं, दारात रुमाल सोडला, आणि म्हणाली, गा.”