ओसरीचं भाडं

दुपारी ह्यांची कूस बदलून मी बाहेरच्या खोलीत आले, तर सूनबाई स्क्रीनसमोर ताठ बसलेली. शेजारच्या चहावर साय धरली होती. ही बाई एक वेळ जेवण विसरेल, पण चहा नाही. म्हणजे ओसरीवर काहीतरी पेटलं होतं.

ओसरी म्हणजे आमचं छोटंसं सोशल मीडिया. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणारे तीनशे बारा जण तिथे लिहितात. जाहिराती नाहीत, कुणाची माहिती कुणाला विकणं नाही. सर्व्हरचं भाडं सभासदांच्या देणग्यांतून निघतं, ज्याला जमेल तसं. सर्व्हर आणि भांडणं सूनबाई सांभाळते. देणगी कुणाची आणि किती, हे फक्त मला कळतं. हा नियम माझाच. न्याय करणाऱ्याने देणगीदारांची यादी बघायची नाही, आणि यादी बघणाऱ्याने न्यायात तोंड घालायचं नाही. बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं काढली आहेत मी; वजनदार खातेदार आला की साहेबांची मान कशी लवते, ते चांगलं पाहिलंय. म्हणून देणगी आली की प्रत्येकाला तेवढीच ओळ जाते: 'मिळाले, आभार.' दहा देणाऱ्यालाही तीच, हजार देणाऱ्यालाही तीच.

"आई, घड्याळवाल्यांना काढतेय मी," सूनबाई म्हणाली.

घड्याळवाले म्हणजे घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले एक गृहस्थ, आई वारल्यावरही ओसरीवर राहिलेले. निम्म्याहून जास्त भाडं एकटे तेच उचलत होते, आणि पुढचं भाडं चार दिवसांवर आलं होतं.

"काय केलं त्यांनी?"

"शिवणवाली आठवते ना? वडिलांच्या पलंगाला लागून मशीन ठेवून कपडे शिवते ती. तीन आठवडे तिच्या मागे लागलेत. पत्ता दे, फोटो दे, फोन का उचलत नाहीस. आज तिने सगळं मला पाठवलं."

"एकदा समज देऊन बघ ना. आईच्या मागे एकटे पडलेत बिचारे. घाई काय आहे? पुढच्या आठवड्यात ठरव."

बोलून गेले आणि जीभ चावली. दोन वर्षांत मी तिच्या कामात एकदाही लुडबूड केली नव्हती. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आई, ते देणगी देतात?"

"मी सांगणार नाही."

"म्हणजे देतात. भरपूर देतात."

"अगं, मी बोलले का काही?"

"तुमचा चेहरा बोलला ना! आता त्यांना ठेवलं तर पैशासाठी ठेवलं असं होईल."

आतून ह्यांचा खोकला ऐकू आला. आम्ही दोघी कान देऊन थांबलो. खोकला थांबला, आणि मग माझाच तोल सुटला.

"आणि ओसरी बंद पडली तर? तीनशे माणसांनी जायचं कुठे? ह्यांच्या पाठीला पहिली जखम झाली तेव्हा डॉक्टर फोन उचलत नव्हते. ओसरीवरच्या बायकांनी मला ड्रेसिंग शिकवलं. तुला काय, तू दुसरा सर्व्हर उभा करशील!"

हे बोलायला नको होतं. स्क्रीनकडे वळून सूनबाई शिवणवालीने पाठवलेले, अजून वाचायचे राहिलेले निरोप मोठ्याने वाचायला लागली.

"ऐका, काय लिहिलंय त्यांनी तिला. 'तक्रार करून बघच. मी हात काढून घेतला तर ओसरी बंद पडेल आणि तीनशे जणांचे शिव्याशाप तुला लागतील. फुशारकी नाही मारत. चालवणाऱ्यांनीच मला तसं लिहून दिलंय.'" ती थांबली. "असं कोण लिहून देईल, आई?"



दोन महिन्यांपूर्वी भाडं वाढलं, तेव्हा घड्याळवाल्यांनी न मागता देणगी दुप्पट केली होती. मला इतकं भरून आलं की 'मिळाले, आभार'च्या खाली मी एक ओळ वाढवली: 'तुम्ही नसता तर ओसरी बंद पडली असती.' नियम मीच केला आणि मीच मोडला. वर कुणाला सांगितलंही नाही. आपण चार शब्द गोड बोललो, याचंच कौतुक वाटलं होतं मला.

"मी," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती नुसती उठली आणि खुर्ची मला दिली.

"आता दोघींनाही माहीत आहे, म्हणजे नियम गेलाच. निदान ज्याने ती ओळ लिहिली त्याने तरी हे बटण दाबावं."

मी दाबलं. सातव्या मिनिटाला माझ्या फोनवर देणगी रद्द झाल्याची सूचना आली. सूनबाईने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शिवणवालीला मात्र मी स्वतः लिहायला बसले. थोडक्यात लिहा, असं सूनबाई म्हणत होती, पण मी सगळं लिहिलं. त्यांना काढलं आहे. ओसरी कदाचित बंद पडेल. उद्या सगळ्यांना तसं सांगून मदत मागणार आहोत. बंद पडली तरी दोष तुमचा नाही. ज्या ओळीच्या जोरावर त्यांनी तुम्हाला धमकावलं, ती माझी होती. माझं चुकलं.

उत्तर लगेच आलं. ती आभार मानेल, असं मला वाटलं होतं.

'तुमची ती ओळ त्यांनी मला पहिल्याच दिवशी दाखवली होती. तुम्ही सगळ्या त्यांच्या बाजूच्या आहात असं वाटलं मला. म्हणून तीन आठवडे मी इथे कुणाशी काही बोलले नाही. घरात फक्त बाबा असतात, आणि ते बोलत नाहीत.'

सूनबाईने माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि स्टूल ओढून शेजारी बसली. मी लिहिलं: 'आता बोला. आम्ही दोघी इथेच बसलो आहोत.'