विटांच्या वाटेवर पप्पा

पप्पांना कुलपात ठेवायचं, हा निर्णय माझाच. जन्मभर लोकांची अडलेली कुलपं उघडून देणारा हा माणूस, म्हातारपणी स्वतःच्याच गल्लीत हरवू लागला. बेकरीवाल्यानं हाताला धरून घरी आणलं तेव्हा पप्पा हसत होते आणि मी घाबरून गेले होते. तेव्हापासून सकाळी शिवणाच्या दुकानात जाताना मी दाराला बाहेरून कुलूप घालू लागले. त्यांना ते कळतच नाही, असं मी धरून चालले होते. भित्र्या माणसाला राग लवकर येतो, आणि माझा तर नाकाच्या शेंड्यावरच असतो.

हे आमच्या पाळकबाईंच्या कानावर गेलं. चर्चच्या मागच्या अंगणात त्यांनी विटांच्या रेघा बसवून एक मोठं वाटोळं चक्र करून घेतलंय. त्याच्या वाटेनं प्रार्थना करत चालायचं. आत जाताना मनावरचं ओझं देवापुढे उतरवायचं, मधोमध थांबायचं आणि बाहेर येताना आभार मानायचे. रविवारी उपासना संपल्यावर त्या म्हणाल्या, पप्पांना यातून एकट्यानं चालू दे. ज्यांना सरळ गल्ली सापडत नाही त्यांना भुलभुलैयात सोडायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात, असं मी फटकन म्हटलं. बाई शांतच. त्याचाही मला रागच येतो. भुलभुलैयाला फाटे असतात, याला एकही नाही, चालत राहिलं की माणूस मध्यावर पोहोचतोच, असं त्यांनी समजावलं.

मी मनाशी ठरवलं, पप्पा इथे चुकले तर कुलूप कायमचं. मग कुणी मला शहाणपण शिकवायला यायचं नाही.

पप्पा निघाले. हात पाठीमागे बांधलेले, ओठ हलत होते. वळणामागून वळणं घेत ते मध्याच्या अगदी जवळ आले, एक वीट ओलांडली की झालं. आणि तिथूनच वाटेनं त्यांना फिरवलं ते थेट बाहेरच्या कडेला. मध्याकडे पाठ, फाटकाकडे तोंड. चुकले! मी तशीच आत घुसले आणि विटांच्या रेघा ओलांडत जाऊन त्यांचा दंड धरला.

"पप्पा, मधे जायचंय ना? तुम्ही बाहेर चाललात."

"वाट इकडूनच आहे," ते म्हणाले. "तू कुठून आलीस?"

मी मागे वळून पाहिलं. कुठून आले ते मलाच सांगता येईना. कोणती वाट आत जाते, कोणती बाहेर, काही कळेना. पाळकबाई बाकावर बसून बघत होत्या. माझी चांगलीच फजिती झाली होती.

"माझ्या मागे ये," पप्पा म्हणाले आणि माझी वाट न पाहता चालू लागले.

गेले मागे. करते काय? जवळून चालताना ओठांवरचे शब्द ऐकू आले. प्रत्येक वळणावर ते एवढंच म्हणत होते, प्रभू, तू पुढे हो. कडेकडेनं भरपूर फिरवून वाट पुन्हा आत वळली आणि आम्ही मध्यावर आलो.

पप्पांनी डोळे मिटले. मी शेजारी उभी आहे हे ते बहुधा विसरले होते.

"प्रभू, दाराला कुलूप लागलं की मला भीती वाटते. पण पोरगी परत येते. रोज येते. तुझे आभार."

मला रडू आवरेना. त्यांना सगळं कळत होतं, आणि तरी त्यांनी माझी तक्रार केली नाही, माझ्यासाठी आभार मानले. बाहेर येताना आभार मानायची माझी पाळी होती, पण मी नुसती डोळे पुसत राहिले. देवाला तेवढं समजलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून पप्पा माझ्याबरोबर दुकानात येतात. मशीनशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या कापडाला नावं ठेवतात. हा रंग तुम्हाला शोभत नाही, असं एका बाईंना तोंडावर सांगितलं, त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. न का फिरकेनात. मला पप्पा दिवसभर दिसतात, यापरतं दुसरं काही नको. मधेच ते उठतात आणि रस्त्यानं चालू लागतात. मी हातातलं काम खाली ठेवते, दंड धरत नाही, त्यांच्या मागून चालत राहते.