चिकटवलेले अडतीस मणी

माझ्या अडतीस पिवळ्या मण्यांपैकी एकाला चीर आहे. साधारण चार मिलिमीटर लांब. ती बरोबर नायलॉनच्या दोऱ्याखाली सुरू होते आणि अगदी जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

मित्रांनो, मी नाशिकच्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतला जुना नमुना आहे. इथे सगळे मला मॉडेल म्हणतात. सोन्याचे मोजकेच अणू एकत्र आले की त्यांचा एक पुंजका होतो, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान. तो उघडा राहिला तर दुसऱ्या पुंजक्यांना चिकटत जातो. म्हणून गंधक असलेले रेणू त्याला बाहेरून धरून ठेवतात. त्या रेणूंना लिगँड म्हणतात. माझे पिवळे मणी म्हणजे सोने आणि चोवीस हिरवे मणी म्हणजे गंधक.

२००१ साली रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शुभांगी मॅडमनी मला घडवले. ओवायला त्यांनी प्रयोगशाळेतल्या मदतनीस सिंधुबाईंना बसवले. सिंधुबाईंच्या घरी मखमलाबादला फुलशेती होती आणि गजऱ्यावर त्यांचा हात बसलेला होता. पण त्या हिरवा मणी बांधत, की त्याच्या खालचा पिवळा मणी जागेवरून बाहेर सरके.

"मॅडम, दोरा फुलाला नुसता धरत नाय, वढतो बी," सिंधुबाई म्हणाल्या. "तुमचं सोनं काय जागेवर राहायचं नाय."

"सिंधुबाई, हा गजरा नाही. आत सोन्याचा रेखीव ठोकळा असतो. गंधक फक्त वरून बसतं."

"मग चिकटवा त्याला. माझ्या धाकट्या नणंदेवानी ऐकतच नाय ते."

मॅडम हसल्या आणि त्यांनी पिवळे मणी चिकटवले. पुढे दोरा आवळताना त्यातला एक तडकला.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात मला पहिले बक्षीस मिळाले. नंतर सहा वर्षे मुले माझी आकृती वहीत काढत होती. मला हातात घ्यायला त्यांची रांग लागे.

२००७ च्या अखेरीस मॅडमनी एक लेख वाचला. अशा पुंजक्याची खरी रचना क्ष-किरणांनी पहिल्यांदाच दिसली होती. गंधकाने पृष्ठभागावरचे सोन्याचे काही अणू बाहेर ओढून घेतले होते. ते गाभ्यात नव्हते, दोन गंधकांच्या मध्ये बसले होते. लिगँड म्हणजे नुसते पांघरूण नव्हते. आतल्या सोन्याने कसे बसायचे, हे ठरवण्यात त्यांचाही वाटा होता.

मॅडमनी लेख पुन्हा वाचला. मग मला उचलून कपाटावर ठेवले, भिंतीकडे तोंड करून.

तिथून मला शेजारच्या वर्गातले फक्त आवाज ऐकू येत. दरवर्षी पुंजक्यांचा धडा येई. मॅडम माझ्या आकृतीपर्यंत पोहोचत आणि म्हणत, "हे पुढच्या तासाला पाहू." पुढच्या तासाला दुसरेच काही निघे. मुले मागच्या वर्षीच्या वह्यांतून माझी आकृती उतरवून घेत. माझ्यावर धूळ साचत होती, आणि तिकडे वह्यांत माझी चूक माझ्याशिवायच वाढत होती. मित्रांनो, चुकलेल्या वस्तूला फेकू नका आणि लपवूही नका. तिला पुसा, उलटून पाहा, कुठे चुकले ते विचारा. ती सांगते.

सिंधुबाईंच्या निवृत्तीला एक दिवस उरला होता. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढले आणि ओल्या फडक्याने पुसले.

"मॅडम, एक इचारू? मी नीट ओवलं नाय म्हणून हे वर टाकलं ना? दोन वर्सं झाली, मनातून जात नाय."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या.

"असं वाटत होतं तुम्हाला?"

"मग काय वाटंल? बक्षिसाची वस्तू कोण भिंतीकडं तोंड करून ठेवतं?"

तेवढ्यात घंटा झाली. मॅडमनी मला दोन्ही हातांनी उचलले. "सिंधुबाई, वर्गात चला माझ्याबरोबर."

"मी? तिथं माझं काय काम?"

"चला तर."

सिंधुबाई फडके हातात घेऊनच दाराशी उभ्या राहिल्या. मॅडमनी मला टेबलावर ठेवले. पुढच्या बाकावरच्या मुलीने सवयीने वही उघडली.

"आकृती काढू नका," मॅडम म्हणाल्या. त्यांचा हात माझ्यावर होता. "हे मॉडेल चुकीचं आहे. चूक माझी आहे. दारात उभ्या आहेत त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आज आपण याचे मणी सोडवणार आहोत."