कागद टोचलेला गठ्ठा

घडीबाईचं इंग्रजीशी शाळेपासून वाकडं होतं, आणि पन्नाशी उलटल्यावर तेच इंग्रजी तिच्या मानगुटीवर येऊन बसलं. हॉस्पिटलच्या कपडेखोलीत चोवीस वर्षं तिने चादरींच्या घड्या घातल्या, म्हणून सगळे तिला घडीबाई म्हणत. चादर हाताला लागली की ती किती धुण्यांची आहे हे ती न बघता सांगायची. खोलीची मुख्य बाई नुकतीच निवृत्त झाली होती, तिच्या जागेसाठी परीक्षा होती, आणि त्यात एक पेपर इंग्रजीचा. घडीबाईच्या नोकरीची चार वर्षं उरलेली. जागा आत्ता मिळाली तर मिळाली, नाहीतर शेवटपर्यंत घड्याच.

"घड्या मोजायला इंग्रजी कशाला लागतं, सांगा ना मला कुणीतरी," असं म्हणत ती रोज घरी येऊन पिशवी आपटायची. सांगणारं कुणी नव्हतं, शिकवणारी मात्र होती. तिची मोठी नणंद तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाली होती, पण शाळा सुटली तरी तिची छडी सुटली नव्हती.

"वहिनी, नाउन म्हणजे काय?"

"नाम."

"आणि नाम म्हणजे?"

"कशाचंही नाव."

"कशाचंही म्हणजे कशाचं?"

"वन्सं, तुम्ही शिकवताय की उलटतपासणी घेताय?"

नणंदेने वहीत रेघ मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. माणसाचं, जागेचं, वस्तूचं नाव. एका ठरावीक माणसाचं असेल तर पहिलं अक्षर मोठं. इथवर घडीबाईची गाडी कशीबशी चालली. मग मोजता येणारी आणि न येणारी नामं आली. चादर मोजता येते, अभ्रा मोजता येतो, पण लिनन, म्हणजे हे सगळं कापड मिळून, मोजता येत नाही, हे ऐकल्यावर घडीबाईचं डोकंच फिरलं.

"मी रोज सकाळी लिनन मोजते. सहाशे बारा भरतं. एक कमी पडलं तर मेट्रन माझा जीव खाते. आणि तुमचं पुस्तक म्हणतं, मोजता येत नाही. लिहिणाऱ्याला एक दिवस माझ्याकडे कामाला पाठवा."

"तू नग मोजतेस, लिनन नाही. आता पुढे. जे हाताला लागत नाही तेही नाम असतं. भीती, लाज, राग."

"राग लागत नाही होय हाताला? थांबा, लागेल."

नणंद हसली नाही. अभ्यासाच्या वेळी ती हसतच नसे. रात्री पाठ केलेलं सकाळी गायब, पालथ्या घड्यावर पाणी, असं पंधरा दिवस चालल्यावर तिने एक युक्ती सांगितली. वस्तूवरच तिचं नाव लावून ठेवायचं आणि येता-जाता वाचायचं. वर्गात म्हणे ढातला ढ पोरगा त्याने पास व्हायचा. घडीबाईला ते लागलं, पण पटलंही.

आता कपडेखोलीची एक रीत होती. जो गठ्ठा जुना झाला, त्याला टाचणीने एक कागद टोचायचा. कागद टोचला की अख्खा गठ्ठा बाद. मग मागच्या खोलीतली कात्रीवाली तो उचलून न्यायची आणि फाडून पुसायची फडकी करायची. कात्रीवाली तीन वर्षांपूर्वी नवी आली तेव्हा प्रत्येक गठ्ठा घेऊन विचारायला यायची, हे खरंच फाडायचं का. घडीबाईने तिला एकदा सगळ्यांदेखत झापलं होतं. "कागद दिसला की विचारायचं नाही, फाडायचं. मी उगाच टोचते का?" तेव्हापासून ती विचारेनाशी झाली. ही कात्रीवालीही सोमवारच्या परीक्षेला बसणार होती, आणि तिचं इंग्रजी बरं होतं. परीक्षेला दोघीच होत्या.

शुक्रवारी दुपारी घडीबाईने जुन्या रजिस्टरच्या कागदाचे तुकडे केले, त्यांवर इंग्रजीत नावं लिहिली आणि हाताशी होत्या त्या टाचण्यांनी टोचून टाकली. ब्लँकेट, टॉवेल, गाऊन. शीटचा कागद नव्याकोऱ्या चाळीस चादरींच्या गठ्ठ्याला. चोवीस वर्षांची रीत त्या घटकेला तिच्या डोक्यात नव्हती; डोक्यात नुसती नामं होती. तेवढ्यात वॉर्डातून फोन आला, ब्लँकेटं कमी पडलीत, आणि ती तशीच गेली.

तासाभराने आली तेव्हा मागून नेहमीचा टर्रटर्र आवाज येत होता. ती निवांत पाणी प्याली. मग तिचं लक्ष फळीकडे गेलं; नव्या चादरींचा गठ्ठा जागेवर नव्हता, आणि ती मागच्या खोलीकडे धावली.

"अगं, कागदावर शीट लिहिलंय. वाचलं नाहीस?"

"कागद कुणी वाचतं का कधी?" कात्रीवालीच्या मांडीवर फडक्यांचा ढीग होता. "वास नव्याचा आला. वाटलं, विचारावं. मग तुमचं बोलणं आठवलं."

बाकीच्या गठ्ठ्यांना अजून कात्री लागली नव्हती, हेच नशीब. घडीबाईला आधी कात्रीवालीचा राग आला, मग नणंदेचा, मग त्या लिनन न मोजणाऱ्याचा. शेवटी रागवायला फक्त ती स्वतः उरली, आणि तो राग कुठे काढावा ते कळेना.

मेट्रन आली. फडकी पाहून तिने छापील फॉर्म काढला. खुलाशाचा फॉर्म ज्याच्या नावावर जाईल त्याला त्या वर्षी परीक्षेला बसता येत नसे, हे सगळ्यांना पाठ होतं.

"फाडलं कुणी?"

"मी," कात्रीवाली म्हणाली. कागदांचं तिने नाव काढलं नाही. तिने फक्त घडीबाईकडे पाहिलं.

टाचण्या आणि कागद केराच्या डब्यात पडले होते. घडीबाईने गप्प बसायचं, बस. सोमवारी एकटीच परीक्षेला, आणि जागा हातात. मेट्रनने फॉर्म तिच्यापुढे सरकवला, कारण खोलीत जुनी तीच. वर इंग्रजीत विचारलं होतं, जबाबदार व्यक्तीचं नाव. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणाला न विचारता कळलं. तिने स्वतःचं नाव लिहिलं.

"तुमचं कशाला? फाडलं तर हिने."

"कागद मी टोचले. आणि न विचारता फाड, हेही मीच शिकवलंय तिला."

"सोमवार हुकेल तुमचा."

"कळतंय मला," घडीबाई करवादली.

घरी नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिलं अक्षर मोठं काढलंस ना?"

"काढलं. आता तरी ती वही मिटा."

सोमवारी सकाळी कात्रीवाली नवी साडी नेसून परीक्षेला निघाली, ती कपडेखोलीच्या दारातच अडखळली.

"ताई, लिनन मोजता येतं की नाही हो? सगळं विसरायला झालंय."

घडीबाईने दात-ओठ खाल्ले.

"नाही येत," ती म्हणाली. "पेपरात तसंच लिही. जा, उशीर करू नकोस."

दार लागलं. घडीबाई फळीपुढे उभी राहिली आणि रोजच्यासारखं मोजायला लागली. सहाशे बाराच्या जागी पाचशे बहात्तर भरलं. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.