पेंटरांच्या हातातला माऊस

बोलतोय तो मी, गणपतराव पेंटरांच्या टेबलावरचा माऊस. माऊसनं गप्प राहावं, बोटानं दाबलं की टिक करावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पण एक गोष्ट माझ्या मनात सलते आहे. ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी साधा माऊस नाही, गेमिंगचा आहे. माझ्या पोटातला डोळा इतका तेज, की मी टेबलावर केसभर हललो तरी पडद्यावरचा बाण टुणकन उडी मारतो. कारखान्यात मला एकच शिकवलं होतं: हात जे करील ते लगेच सांगायचं, काही लपवायचं नाही. खेळात शत्रू समोर आला की पापणी लवायच्या आत नेम लागला पाहिजे. कडेला रबराची पकड, पोटाखाली लाल दिवा, चाकाच्या मागे एक छोटं बटण, असा माझा थाट. राजारामपुरीत तोहिदभाईच्या दुकानात मी काचेच्या कपाटात सगळ्यांत वरच्या फळीवर बसायचो. कॉलेजची मुलं मला हातात घेऊन बघायची, किंमत ऐकून परत ठेवायची. मला त्याचाही गर्व वाटायचा.

मला घेतलं मात्र साठी ओलांडलेल्या माणसानं. पांढरा शर्ट, बाहीवर जुन्या निळ्या रंगाचा डाग.

"जुना माऊस लई थरथरतोय," गणपतराव म्हणाले. "एक चांगला दावा."

"मग हा घ्या काका. गेमिंगचा. ह्याच्याम्होरं दुसरा न्हाय."

गणपतरावांनी मला उचललं. तोहिदभाईनं त्यांच्या हाताकडं क्षणभर पाहिलं आणि पावती लिहायला मान खाली घातली.

मी मंगळवार पेठेत आलो. गणपतरावांनी चाळीस वर्षं ब्रशनं पाट्या रंगवल्या होत्या. दूध संस्थांच्या, तालमींच्या, टेम्पोच्या पाठीवरच्या. फ्लेक्स आलं आणि ब्रश थांबला. त्यांची सून संयोगिता घराच्या पुढच्या खोलीत डिझाइनची कामं करायची. तिनंच त्यांना पडद्यावर ठिपके जोडून अक्षर कसं काढायचं ते शिकवलं. आता जयसिंगपूरच्या झुंबरबाईंनी काम दिलं होतं. त्यांच्या बांगड्यांच्या दुकानावर पितळी अक्षरं लागणार होती: 'शृंगार'. अक्षरं मशीनवर कापायची, पण वळण गणपतरावांचंच पाहिजे, असा बाईंचा हट्ट होता. कारण बाईंच्या वडिलांच्या दुकानाची पाटी गणपतरावांनीच रंगवली होती.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. गणपतरावांनी मला धरलं आणि बाण थरथरायला लागला. जुन्या माऊसपेक्षा जास्त. 'शृ'ची गोलाई काढायला गेले, तर तिला काटेच काटे फुटले.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. माझी वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. कापसाच्या बोळ्यानं माझा डोळा पुसला. खाली कधी काळं कापड अंथरलं, कधी वर्तमानपत्र. शेवटी मला संयोगिताच्या लॅपटॉपला लावलं. सगळीकडे तेच. हात जरा कापला की मी ते कापणं दहापट मोठं करून पडद्यावर मांडायचो. माझी रीतच ती होती.

आणखी एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती, असं मी समजत होतो. गणपतराव जेवायला उठले, की संयोगिता पटकन खुर्चीत बसायची. मला धरून एकेक ठिपका सरकवायची, काटे काढून टाकायची. पायरव ऐकला की उठून लसूण सोलायला बसायची. गणपतराव पडद्याकडं बघायचे. "मगाशी एवढं वंगाळ न्हवतं म्हणायचं," एवढंच बोलायचे.

पाचव्या दिवशी त्यांचा तोल गेला.

"फसवलं त्या तोहिदनं! जातो आन् तोंडावर मारतो त्येच्या."

"मामा, ऱ्हाऊ द्या की. दुसरा बघू."

"दुसरा कशाला? हाच बदलून घेतो!"

संध्याकाळी दुकानात गर्दी होती. गणपतरावांनी पिशवीतून मला काढून काउंटरवर आपटलं. "खराब माल गळ्यात बांधलास व्हय रं?"

"काका, हळू बोला. बघूया की."

"हळू कशापायी? कळू दे की सगळ्यांस्नी!"

तोहिदभाईचं तोंड लाल झालं. भिंतीवर खेळ दाखवायला मोठा टीव्ही होता, त्यालाच त्यानं मला जोडलं. हातात धरलं. बाण रंगवल्यासारखा जागच्या जागी उभा राहिला.

"थांबलाय का न्हाय? आता तुम्ही धरा."

गणपतरावांनी मला धरलं. तळवा घामानं ओला झाला होता. मी हलू नये म्हणून त्यांनी मला जोर लावून दाबलं. जेवढं दाबलं, तेवढा हात जास्त कापला. मोठ्या टीव्हीवर पंजाएवढा बाण सगळ्या दुकानासमोर थरथरत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "माऊस न्हाय, म्हाताऱ्याचा हात कापतोय की."

माझ्या जातीचे माऊस ऐन वेळी बंद पडतात, अडकतात, आंधळे होतात. त्या घडीला मीही आंधळा झालो असतो तर! पण मी अगदी चोख चाललो. आयुष्यात इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो, आणि त्या खरेपणाची जेवढी लाज मला वाटली तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटलेली नाही.

गणपतरावांनी मला अलगद खाली ठेवलं. उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि मला तिथंच सोडून पायऱ्या उतरून गेले.

चार दिवस मी काउंटरच्या कोपऱ्यात पडून होतो. तोहिदभाईनं मला पुन्हा कपाटात मांडलं नाही. एका गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणाला, "त्यो इकायचा न्हाय."

रविवारी तो मला घेऊन मंगळवार पेठेत आला. संयोगितानं दार उघडलं. गणपतराव खुर्चीत बसले होते, हातावर वर्तमानपत्र पांघरून.

"काका, माफी मागायला आलोय."

"तू कशाला? शिव्या तर मी घातल्या."

"विकतानाच तुमचा हात बघितला हुता मी. तवाच ह्येचा वेग कमी करून द्यायला पायजे हुता. पर चारचौघांत कसं बोलायचं म्हणून गप बसलो. आन् मग चारचौघांतच दावलं."

तोहिदभाईनं मला कॉम्प्युटरला जोडलं आणि चाकामागचं ते छोटं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझा लाल दिवा निळा झाला. अंगातला सगळा वेग उतरला. आता बाण पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचा, तर मला अख्खं टेबल ओलांडावं लागणार होतं.

"धरा आता."

गणपतरावांनी बऱ्याच वेळानं वर्तमानपत्र बाजूला केलं. बाण अजून कापत होता, पण थोडा. गोलाईवरचे काटे गेले, नुसती लव उरली.

संयोगिता दाराशीच उभी होती. "मामा, मलाबी सांगायचंय. तुम्ही जेवायला उठला की रोज मी..."

"ठावं हाय मला."

ती दारातून आत आली.

"चाळीस वर्सं अक्षर काढतोय. माझं वळण कुठलं आन् तुझं कुठलं, कळत न्हाय व्हय मला? लाज वाटत हुती, म्हणून गप हुतो. तू नीट करत हुतीस, मी जेवत हुतो." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "जेवण काय ग्वाड लागत न्हवतं."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. कापणं गेलं नाही, पण हातावर वर्तमानपत्र पांघरणं थांबलं.

पंधरवड्यानं झुंबरबाई जयसिंगपूरहून काम बघायला आल्या. पडद्यावर फक्त 'शृ' पुरा झाला होता. त्यांची नजर अक्षरावरून गणपतरावांच्या हातावर आली आणि तिथंच अडकली. गणपतराव हात खिशात घालतील असं मला वाटलं. त्यांनी तो माझ्यावरच ठेवला.

"हात कापतोय माझा," ते म्हणाले. "वरीस झालं. अक्षर व्हईल, पर येळ लागंल. पटत असंल तर बसा, न्हायतर दुसरा पेंटर बघा."

झुंबरबाईंनी पडद्याजवळ जाऊन अक्षर नीट न्याहाळलं. मग खुर्ची ओढली. "बसतो की. च्या तरी सांगा."

आता 'शृंगार' पुरं झालंय, मशीनवर गेलंय. दुसरी कामं आली आहेत. मी गोगलगायीच्या चालीनं चालतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कडेचं रबर त्यांच्या अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झालंय.

पण हल्ली नवंच दुखणं लागलंय. माझ्या डाव्या बटणाखालची पत्ती सैल झाली आहे. एकदा दाबलं तर कधी कधी दोनदा लागतं. एका ठिपक्याच्या जागी दोन पडतात आणि ओळ मोडते. कालही मोडली. गणपतरावांनी मला बाजूला ठेवलं, उजवा हात डाव्यात घेऊन बराच वेळ चोळत बसले आणि संयोगिताला म्हणाले, "गोळी वाढवाय लागंल बघ. हात पुन्यांदा चुकाय लागलाय."

चुकतोय तो मी. ही खोट माझी आहे, त्यांच्या हाताची नव्हे. मला ते सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी मंगळवार पेठेत गेलात, तर एवढं त्यांना सांगा.